साखऱ्याच्या सुनेचे दात

प्रतिक्षाला बघायला साखऱ्याची माणसं शिरड शहापूरला आली, तेव्हा शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शेतात जायची सवय आहे का, असले प्रश्न पुरुषांनीच विचारून घेतले. मुलाची आई पार्वतीबाई मात्र गप्प बसून पोरीकडे बघत होत्या. चहाचे कप उचलायला प्रतिक्षा वाकली, तशा त्या म्हणाल्या, "जरा हास बरं, माय."

प्रतिक्षा गोंधळली आणि गोंधळातच हसली.

"दात कसे एका वळीत हायेत पोरीचे," पार्वतीबाई शेजारी बसलेल्या जावेला म्हणाल्या. "आमच्या इजूला शोभून दिसल."

आतल्या खोलीत बशा पुसत असलेल्या पंचफुलाबाईंचा, म्हणजे प्रतिक्षाच्या आईचा, हात तिथंच थांबला. ते दात एका वळीत आले त्याला फार काळ झाला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्यावरच्या तारा निघाल्या होत्या, आणि दिवाळीच्या चिवड्याचा डबा अजून घरात शिल्लक होता.

लहानपणी प्रतिक्षाचे वरचे दोन दात ओठावर यायचे आणि एका बाजूचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. शाळेत पोरी तिला काय म्हणायच्या ते ती घरी कधी सांगायची नाही. फक्त हसताना पदर नसला तरी हात तोंडावर जायचा, आणि फोटो काढायची वेळ आली की ओठ घट्ट मिटायचे. हिंगोलीला कॉलेजात जायला लागल्यावर तिनं तिथल्या एका दातांच्या दवाखान्याची पाटी पाहिली, आणि एक दिवस बाबांना, संतरामला, सरळ म्हणाली, "मला दातांना तारा लावायच्या हायेत." संतराम कमी बोलणारा माणूस. पुढच्या रविवारी तो नवा सदरा घालून तिच्यासोबत एसटीत बसला.

रविवार यासाठी, की तारांचं काम करणाऱ्या साधना डॉक्टर नांदेडहून फक्त रविवारी यायच्या. दोन वर्षं प्रतिक्षा महिन्या-महिन्याला तिथं गेली. ऊस नाही, फुटाणे नाहीत, हुरड्याच्या दिवसांत हुरडा नाही. गालाला आतून तारा टोचून फोड यायचे. पण शेवटी तारा निघाल्या, तिनं दातांवरून जीभ फिरवली, तर आपण दुसऱ्याच कुणाच्या तोंडात जीभ घातलीय असं तिला वाटलं. सगळं गुळगुळीत, सरळ.

"आता खरं काम सुरू," साधना डॉक्टर म्हणाल्या.

खालच्या दातांना त्यांनी आतून एक बारीक तार कायमची चिकटवून टाकली होती. वरच्या दातांसाठी एक प्लेट दिली. पातळ, काचेसारखी पारदर्शक, तिच्या दातांच्याच आकाराची. रिटेनर म्हणतात तिला.

"दात नवीन जागी आलेत, पण हाड अजून पक्कं झालेलं नाही. सोडले तर जुन्या जागी जायला बघतात. म्हणून ही दिवसरात्र घालायची, निदान सहा महिने. जेवताना आणि ब्रश करताना तेवढी काढायची. काढली की लगेच डबीत. रुमालात, कागदात गुंडाळायची नाही, हरवते. गार पाण्यानं मऊ ब्रशनं धुवायची. गरम पाणी अजिबात नाही."

"आणि नाही घातली तर?"

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मुलीकडे मान वळवली. सेनगावकडची होती. परीक्षेच्या गडबडीत तिनं प्लेट घालायची सोडली, मग ती तोंडात जाईना, मग भीतीनं तिनं कुणाला सांगितलंच नाही. आता परत पहिल्यापासून तारा. ती मुलगी मोबाईलमध्ये बघत होती, पण तोंड मिटलेलं होतं, अगदी प्रतिक्षा जसं मिटायची तसंच. तो चेहरा प्रतिक्षाच्या डोळ्यांपुढून नंतर हलला नाही.

साखऱ्याची माणसं होकार देऊन गेली, त्या संध्याकाळी पंचफुलाबाई पोरीला म्हणाल्या, "तारांचं काही बोलायची गरज न्हाई. त्यायला दात आवडले, आपलं काम झालं."

"माय, पण ही प्लेट तर मला घालावीच लागती. दिसल की त्यायला."

"दिसत न्हाई ती. मलाच दिसत न्हाई, तर त्यायला काय दिसती? उगं फसवलं म्हनतील. लग्न होऊ दे, मंग बघू."

लग्न झालं. प्रतिक्षा साखऱ्याला आली, आणि तिच्या सामानात साड्यांच्या घडीखाली एक निळी डबी आली.

प्लेट घालून बोलताना जीभ अडखळायची. घरातल्यांना नवी सून जरा बोबडी वाटली असणार, पण नवी सून हळू आणि थोडंच बोलते, त्यामुळे ते खपून गेलं. अवघड होतं ते जेवण. घरात सासरे सोनाजी, पार्वतीबाई, नवरा विजयकुमार आणि ती, एवढीच माणसं. पण बायका एकत्र बसायच्या, आणि जेवायच्या आधी पोरगी रोज उठून न्हाणीत कशाला जाते, असं कुणालाही वाटलंच असतं. म्हणून ती कधी प्लेट काढायची, कधी तशीच घालून जेवायची. प्लेटखाली भाकरीचा चुरा अडकायचा, वरणाचं पाणी साचायचं. मग संधी मिळाली की न्हाणीत जाऊन ती घाईघाईनं धुवायची.

विजयकुमारला तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्याच्यापासून लपणार नव्हतंच ते. त्यानं प्लेट हातात घेऊन उजेडात धरली.

"हे घातलं न्हाई तर?"

"दात परत वाकडे व्हतील. आधी लई वाकडे होते माझे."

"बरं, मंग घालत जा की."

"आत्याबाईला सांगू नका."

"काहून?"

"नका सांगू म्हनलं ना. त्यायनी दात पाहून पसंत केलं मला."

विजयकुमारला यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. "बरं बाई, न्हाई सांगत," म्हणून तो मोटर चालू करायला निघून गेला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. प्रतिक्षाच्या दृष्टीनं मात्र घरात आता दोघांना सांभाळायचं गुपित झालं होतं, आणि त्यातला एक जण विसराळू होता.

विहिरीजवळच्या तुकड्यात त्यांची हळद होती. फाल्गुन लागला आणि हळद काढायला सुरुवात झाली. ट्रॅक्टरनं जमीन उकरून निघालेले गड्डे वेचायचे, माती झटकायची, कांड्या मोडून वेगळ्या करायच्या. चार दिवसांत घरातल्या सगळ्यांचे हात पिवळे झाले. नखं पिवळी, पदराचं टोक पिवळं. प्रतिक्षा त्याच हातांनी प्लेट काढायची आणि घालायची. आधीच जेवणातल्या हळदीनं ती मळकट दिसत होती, आता पार पिवळी पडली. टूथपेस्ट लावून घासली तर पिवळेपणा गेला नाहीच, उलट तिच्यावर बारीक ओरखडे उठले. आरशात हसून बघितलं की वाटायचं, दातांवर कुणी जुनं प्लास्टिक चढवलंय.

आणि शेतातच तिला नानीबाईंनी पाहिलं. नानीबाई सोनाजींच्या चुलतभावाची बायको. त्याच, ज्या बघायच्या कार्यक्रमाला पार्वतीबाईंशेजारी बसल्या होत्या. दुपारच्या जेवणाआधी प्रतिक्षा पाइपाच्या धारेजवळ पाठमोरी उभी राहून प्लेट धूत होती. मागून कळशी घेऊन नानीबाई आल्या.

"काय गं, तोंडातून काय काढलं?"

"काही न्हाई काकू. सुपारी."

"सुपारी धूत असतेत व्हय?"

प्रतिक्षानं मूठ आवळली आणि कसंनुसं हसली. हसताना तोंड उघडलं, आणि नानीबाईंची नजर सरळ दातांवर गेली. त्या कळशी भरून निघून गेल्या.

प्रतिक्षानं ठरवलं, शेतात जाताना प्लेट घरीच ठेवायची. परत आलं की घालायची. अर्ध्या दिवसानं काय होतंय? असं स्वतःला सांगताना तिला सेनगावच्या त्या मुलीचा चेहरा दिसायचा. पण नानीबाईंचा चेहरा जास्त जवळचा होता.

हळद शिजवायच्या दिवशी भाड्याचा बॉयलर शेतात आला. सगळे सकाळीच निघाले. पार्वतीबाई मजुरांचा स्वयंपाक करायला घरी थांबल्या. प्रतिक्षानं निळी डबी न्हाणीच्या कोनाड्यात, शिकेकाईच्या पुड्यामागं सारली आणि गेली. दिवसभर वाफेत उभं राहून, उकडलेल्या हळदीचा तो जड वास अंगात मुरवून ती दिवेलागणीला घरी आली. अंघोळ केली, डबी काढली, प्लेट तोंडात घातली.

ती बसली नाही.

एका बाजूनं दातांवर चढली, दुसऱ्या बाजूनं उचकटली. तिनं अंगठ्यानं दाबली. पुन्हा दाबली. हिरडीतून कळ गेली, आणि थुंकली तर पाण्यात लाल धागा आला. न्हाणीच्या दाराबाहेरून पार्वतीबाई म्हणाल्या, "झालं का गं? पाणी पुरलं का?" त्यांचा आवाज काहीसा वेगळाच लागला, पण प्रतिक्षाचं तिकडं लक्ष नव्हतं.

दात सरकले. तिच्या डोक्यात एवढंच होतं. आपण प्लेट घरी ठेवायला लागलो आणि दात सरकले.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. सकाळी उठल्या उठल्या जीभ दातांवरून फिरायची. पुढच्या दोन दातांमधला डावा जरा पुढं आलाय का? काल होता तेवढाच आहे का? भाकरी थापताना, केर काढताना, हळदीच्या ढिगावर ताडपत्री ओढताना जीभ तिथंच. टिकल्यांनी भरलेल्या छोट्या आरशात ती दिवसातून कितीदा तरी दात बघायची. मोबाईलमध्ये लग्नाचे फोटो उघडून दात मोठे करून बघायची, मग आत्ताचा फोटो काढून शेजारी ठेवायची. कधी वाटायचं काहीच बदललं नाही. कधी वाटायचं सगळंच बदललंय. रोज ती प्लेट बसवून बघायची, आणि रोज ती बसायची नाही.

आणि पार्वतीबाई बघत होत्या. हा प्रतिक्षाचा भास नव्हता. ती बोलायला लागली की त्यांची नजर डोळ्यांवर न राहता तोंडावर यायची. जेवताना तर त्या घास घ्यायचं विसरून तिच्याकडे बघायच्या.

"तुला भाकर तुटती का, माय?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"तुटती की, आत्याबाई. काहून?"

"काही न्हाई. आसंच इचारलं."

दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात दुधात कुस्करलेली भाकरी आली. तिसऱ्या दिवशी मऊ खिचडी. ठेच्यात दाणे भरडच राहिले होते, तर पार्वतीबाईंनी ती वाटी तिच्यापुढून उचलून सोनाजींकडं सरकवली. कुणी काही बोलत नव्हतं, आणि त्यामुळेच प्रतिक्षाची खात्री पटत गेली. यांना कळलंय. यांना कळलंय आणि या वाट बघतायत.

एका दुपारी ती छतावर हळद उलथत होती. खाली अंगणात नानीबाई आल्या होत्या. वाऱ्यानं तुटक तुटक शब्द वर आले.

"...म्या तर म्हनते, फसवलं तुला बाई..."

"हळू बोल, नाने. आयकू जाईल तिला."

प्रतिक्षा तिथंच हळदीवर बसली. नंतर तिनं आईला फोन लावला. पंचफुलाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याही घाबरल्या.

"म्हनून सांगत होते, कुनाला दिसू देऊ नको."

"माय, मी काय करू ते सांग ना."

"आता इकडं येऊ नको सध्या. उगं त्यायला वाटंल पळून आली. तुझ्या बाबाला काय सांगू मी?" आणि थोड्या वेळानं, रडवेल्या आवाजात, "दात लई वाकडे झाले का गं?"

फोन ठेवल्यावर प्रतिक्षानं दवाखान्यात लावला. रविवारी या, म्हणाले. संध्याकाळी तिनं पार्वतीबाईंना सांगितलं, "आत्याबाई, रविवारी हिंगोलीला जाऊन येते. दाढ दुखून राहिली."

पार्वतीबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "मी बी येते."

"तुमी काहून? इकडं हळदीचं काम..."

"हळद कुठं पळून चालली न्हाई. मी येते म्हनलं ना."

विजयकुमारला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मंग बरंच हाय. सोबत व्हईल." तिला त्याचा इतका राग आला की ती तिथून उठून गेली.

रविवारी त्या दोघी सेनगावपर्यंत जीपनं आणि तिथून एसटीनं गेल्या. पार्वतीबाईंनी मांडीवर पिशवी धरली होती आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत होत्या. सेनगाव सुटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "लई दुखतं का?"

"न्हाई."

प्रतिक्षा खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिला दिसत होता हिंगोलीचा बसस्टँड. तिथून शिरड शहापूरला गाड्या सुटतात. डॉक्टरांकडून सगळं ऐकल्यावर आत्याबाई आपल्याला त्यातल्या एका गाडीत बसवून देतील, आणि एकट्याच साखऱ्याला परततील. पिशवीत आपले कपडे तर नाहीत? पिशवी केवढी होती, त्यात एक-दोन साड्या सहज मावतील, हे ती पुन्हा पुन्हा बघत राहिली.

दवाखान्यात नंबर लागला तेव्हा प्रतिक्षा म्हणाली, "आत्याबाई, तुमी बसा इथं." पण पार्वतीबाई तिच्या मागोमाग आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

साधना डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली, दिव्याखाली फिरवून पाहिली. "किती पिवळी केलीस गं. घालून जेवतेस ना?"

प्रतिक्षानं मान खाली घातली.

"आणि ही गरम पाण्यात कधी टाकलीस?"

"न्हाई मॅडम. गरम पाण्यात कधीच न्हाई. देवाशपथ."

"अगं, कड बघ ना कशी वळलीय. इथं पांढुरकी झालीय. गरम पाण्याशिवाय असं होत नाही."

"मॅडम, खरंच मी..."

"म्या उकळलं," भिंतीकडून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"म्या उकळलं, मॅडम. हिला काई बोलू नका. नानीनं मला सांगितलं, तुझ्या सुनंचे दात खोटे हायेत, काढून धुताना पाह्यलं म्हनून. म्हनलं, एवढ्या लहान वयात लेकराचे दात गेले, आन आपल्याला सांगाया लाजती. मंग न्हानीत डबी घावली. उघडली तर सारं पिवळं. म्हनलं, हिला धुता येत न्हाई, घान राह्यली तर तोंड येईल तिचं. इजू लहान असताना दुधाच्या बाटल्या उकळत होते, तशी भगुन्यात टाकली. बघता बघता आकसून गेली. काढली, हातानं सरळ केली जमंल तेवढी, आन गपचूप ठुली. तवाधरून पाहून राहिले, ही जेवती कशी." त्यांनी पदर तोंडावरून काढला. "मॅडम, तिला दुसरे दात बनवून द्या."

डॉक्टरांच्या मदतनीस मुलीला हसू फुटलं. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं तशी ती बाहेर गेली.

"मावशी, इकडं या," डॉक्टर म्हणाल्या. "जवळ या. हे बघा." त्यांनी छोट्या आरशाच्या दांड्यानं प्रतिक्षाच्या पुढच्या दातावर टकटक केलं. "हे दात तिचे स्वतःचे आहेत. एकही गेलेला नाही. एकही खोटा नाही. आधी वाकडे होते, आम्ही तारा लावून सरळ केले. ही प्लेट फक्त त्यांना जागेवर धरून ठेवायला."

पार्वतीबाई वाकून बघत राहिल्या. "सारे तिचेच?"

"सारे तिचेच."

त्या मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या.

मग डॉक्टरांनी प्रतिक्षाला खुर्चीत मागं टेकवलं. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. डॉक्टरांनी एकेक दात तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या दातापाशी थांबल्या. "हा मात्र थोडा फिरलाय. बाकीचे जागेवर आहेत."

प्रतिक्षानं इतक्या दिवसांत हजारदा स्वतःला हेच सांगितलं होतं, तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकताच ती खुर्चीत अर्धी उठली. "परत तारा?"

"थांब. तुझा जुना साचा आहे आपल्याकडे. त्यावरच नवीन प्लेट बनवून घेते नांदेडहून. घट्ट बसेल, दुखेल. दात ऐकला तर परत वळेल."

"आणि नाही ऐकला तर?"

"तर पुढं बघू. पण यापुढं प्लेट बसेनाशी झाली तर त्याच दिवशी फोन करायचा. इतके दिवस थांबायचं नाही."

दवाखान्याबाहेर उन्हं कडक होती. दोघी बसस्टँडपर्यंत आल्या. पार्वतीबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि लोणचं काढलं. पिशवीत तेवढंच होतं, आणि पाण्याची बाटली. बाकावर बसून त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला, आणि मग लक्षात येऊन म्हणाल्या, "खाय. तुझेच दात हायेत म्हनं."

प्रतिक्षाला हसू आलं आणि रडूही. "आत्याबाई, तुमी मला काहून न्हाई इचारलं?"

"तू काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी मला दात पाहून पसंत केलं होतं. वाटलं, फसवलं म्हनाल."

पार्वतीबाईंनी घास चावत विचार केला. लगेच गोड काहीतरी बोलून टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "म्हनले असते," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी कळलं असतं तर म्हनले असते. नानी तर अजून म्हनती. पन आता तू घरात हायेस. आता मला काय त्याचं? मला तर वाटलं, म्या लेकराचे दात खाल्ले." मग त्यांनी प्रतिक्षाच्या हातावर हात ठेवला. "मला झोप न्हवती गं."

"मला बी न्हवती."

पुढचा आठवडा लांबच लांब गेला. गुपित राहिलं नव्हतं, पण काळजी तशीच होती. उलट आता ती दोघींची झाली. प्लेट नाही म्हणजे दात मोकळे, आणि मोकळे म्हणजे फिरतायत, असं प्रतिक्षाला सारखं वाटायचं. पार्वतीबाई दिवसातून दोनदा तिला उजेडात उभं करायच्या. "आ कर. न्हाई, काल व्हता तसाच हाय," म्हणायच्या. पण त्यांनाही नीट कळत नव्हतं. एकदा त्यांनी चुकून भलताच दात धरून "हा तर पार सरळ झाला की" म्हटलं, आणि प्रतिक्षा घाबरून आरशाकडं धावली. नानीबाई पुन्हा आल्या, तेव्हा पार्वतीबाईंनी त्यांना दारातच थांबवून सांगितलं, "दात तिचेच हायेत. डॉक्टरीनबाईनं मला वाजवून दाखवले. ते प्लास्टिक नुस्तं धरून ठुवायला असतं. आन पुन्हा माझ्या सुनंच्या तोंडाची चौकशी करू नको."

नवीन प्लेट आली. घालताना डॉक्टरांनी दाबली तेव्हा कट् असा आवाज झाला आणि प्रतिक्षाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. दोन-तीन दिवस डावी बाजू ठणकत होती. त्या दिवसांतली खिचडी तिनं स्वतः मागून घेतली. आता ती सगळ्यांसमोर प्लेट काढायची, डबीत ठेवायची आणि जेवायची. न्हाणीत मोठ्या अक्षरात लिहून लावल्यासारखं सगळ्यांना पाठ झालं होतं, की निळी डबी उन्हात ठेवायची नाही आणि तिला चुलीजवळ आणायचं नाही. सोनाजींनी एकदा चहा पिता पिता ती हातात घेऊन बघितली, तर पार्वतीबाई किंचाळल्या, "ठुवा ती! गरम कप हाय हातात!"

दात वळला, पण पूर्ण नाही. महिन्यानं दाखवायला गेली तेव्हा साधना डॉक्टर म्हणाल्या, "आला जवळपास. एवढं कुणाच्या नजरेत येत नाही." प्रतिक्षाच्या मात्र नजरेत यायचं. उजेड डावीकडून पडला की त्या दाताची एक कड शेजारच्यापेक्षा जरा जास्त चमकायची. तिनं विजयकुमारला दाखवलं. त्याला दिसलं नाही. पार्वतीबाईंना दिसलं, पण त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई." अजूनही प्रतिक्षा सकाळी उठल्यावर आधी जिभेनं तो दात चाचपते. एक जास्तीची प्लेट तिनं बनवून घेतली आणि ती कपाटात कुलूप लावून ठेवली.

पावसाळा संपत आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसा घालायची गरज नाही, फक्त झोपताना.

"असं कधीपर्यंत, मॅडम?"

"दात तोंडात आहेत तोपर्यंत समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्लेट धुऊन डबीत ठेवली. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, शेतात जायचं होतं. तोंड मोकळं होतं, जीभ मोकळी होती. तिला बरं वाटायला पाहिजे होतं. दुपारपर्यंत तिनं कसंबसं काढलं. मग जेवायला घरी आल्यावर, तोंड धुऊन, डबी उघडून तिनं प्लेट परत बसवली. कट् असा आवाज आला.

ओट्यावर धुणं घडी करत असलेल्या पार्वतीबाईंनी मान वर केली. "डॉक्टरीनबाईनं आता रातचीच सांगितली न्हवं का?"

"आजच्या दिवस राहू द्या, आत्याबाई."

"राहू दे मंग," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि पुढचं लुगडं उचललं.